चंदेरी ब्लँकेट: आधी कोरडं करा, मग गुंडाळा

गोव्यात थंडी कुठली, असं म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीतलं चंदेरी ब्लँकेट बहुतेकजण बाजूला ठेवतात. पण अंग गार पडायला बर्फ लागत नाही. जुलैत तांबडी सुर्लाच्या किंवा सत्तरीतल्या धबधब्यावर तीन-चार तास भिजलेला, उपाशी, दमलेला माणूस वाऱ्यात बसून राहिला तर 22-23 अंशांतही कुडकुडू लागतो. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

हे ब्लँकेट म्हणजे पॉलिस्टरची जेमतेम 12 मायक्रॉन जाडीची फिल्म, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर. साधारण 210 बाय 160 सेंटीमीटर, वजन 50-60 ग्रॅम. 1960च्या दशकात नासाच्या अंतराळ कामांसाठी अशी फिल्म विकसित झाली. अंगातून किरणांच्या रूपाने बाहेर जाणारी उष्णता ती बव्हंशी परत फिरवते, शिवाय वारा आणि पाणी अडवते. पावसात वारा-पाणी अडवण्याचाच उपयोग जास्त होतो. मात्र हे ब्लँकेट स्वतः ऊब तयार करत नाही. माणसाचं शरीर जेवढी ऊब तयार करतं तेवढीच टिकते.

म्हणून ओले कपडे सगळ्यात आधी. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे 0.58 किलोकॅलरी घेतं. शर्ट-पँटमध्ये अर्धा लिटर पाणी असेल तर ते सुकायला 290 किलोकॅलरी लागतात, आणि त्यातला मोठा वाटा अंगातून जातो. स्वस्थ बसलेलं शरीर तेवढी उष्णता तीन-चार तासांत तयार करतं. आडोसा शोधा, कपडे काढा, अंग टिपून घ्या. चोळू नका. कोरडा शर्ट, लुंगी, चादर, जे मिळेल ते अंगावर घाला, डोक्याला टोपी किंवा टॉवेल.

मग खालची जमीन. कातळावर नुसती फिल्म अंथरून उपयोग नाही. दोन्हींमध्ये हवा राहत नाही आणि ऊब थेट दगडात जाते. रिकाम्या सॅक, दोर, योगा मॅट, सुकी पानं, गोणपाट, काहीही तीन-चार बोटं जाड होईल एवढं खाली घाला, त्यावर ब्लँकेट.

ब्लँकेट उलगडताना वाऱ्याकडे पाठ करा आणि जमिनीलगत हळूहळू उघडा, नाहीतर ते हातातून उडून जातं. चंदेरी बाजू आत. दुसरी सोनेरी असेल तर ती बाहेर, म्हणजे लांबून दिसते. बाजू चुकली म्हणून पुन्हा उघडत बसू नका, फरक किरकोळ आहे. दोन्ही कडा एकमेकांवर वीतभर याव्यात, पावलं झाकावीत, चेहरा उघडा ठेवावा. वरून रेनकोट किंवा चादर टाका. फिल्मला बारीक चीर पडली की ती सरसर लांबते, त्यामुळे वरचं आवरण लागतंच. चिकटपट्टी असेल तर कडा तिने धरा.

कपडे काढणं शक्यच नसेल, म्हणजे माणूस गंभीर जखमी असेल, तर क्रम उलटतो. ओल्या कपड्यांवरच फिल्म लपेटा आणि वर कोरडी चादर घाला. वाफ बाहेर जात नाही आणि उष्णतेचं नुकसान कमी होतं. रस्त्यावरच्या अपघातात रक्त जात असेल तर भर उन्हाळ्यातही असं झाका. शरीर गार पडलं की रक्त गोठायला वेळ लागतो. आधी रक्तस्राव थांबवा, आणि जखमेवर नजर राहील असा भाग मोकळा ठेवा. पाठीच्या कण्याला इजा असल्याची शंका असेल तर केवळ गुंडाळण्यासाठी हलवू नका.

कुडकुडणं चालू आहे, बोलणं स्पष्ट आहे, तोवर गोड चहा, गरम पेज चालेल. फेणी किंवा उर्राक अजिबात नको. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब आणखी वेगाने निघून जाते. कुडकुडणं थांबलं पण जीभ जड आहे, पाय अडखळताहेत, तर ती सुधारणा नव्हे. हातपाय चोळू नका, चालवू नका. कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा, 108ला फोन करा. या अवस्थेत नुसतं ब्लँकेट पुरत नाही.

उन्हाचा तडाखा बसलेल्याला हे ब्लँकेट कधीही लपेटू नये. आगीजवळही नको, फिल्म वितळते आणि कातडीला चिकटते. अ‍ॅल्युमिनियम वीजवाहक आहे, तेव्हा तुटलेल्या तारांपासून दूर. आत घामाने ओल जमते, ती अधूनमधून पुसून घ्या.

किनाऱ्यालगतच्या खारट, दमट हवेत अ‍ॅल्युमिनियमचा थर झिजतो. पाकीट बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मे महिन्याअखेरीस एकदा उघडून उजेडासमोर धरा. घड्यांवर पारदर्शक डाग दिसले किंवा फिल्म एकमेकांना चिकटली असेल तर ते सरावाला वापरा आणि पेटीत नवं ठेवा. दुचाकीच्या डिकीत ठेवणार असाल तर सोबत एक मोठी चादरही ठेवा.