साल्मोनेला आणि प्रोबायोटिक: पिल्लांच्या शेडमध्ये या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड, शहापूर, अंबरनाथ पट्ट्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यासाठी दिले जाणारे उपयोगी जिवंत जिवाणू, आता नवीन राहिलेलं नाही. पाकीट शेडमध्ये असतं, पण ते फुटतं चुकीच्या वेळी. पिल्लं पांढरं हगायला लागली, रोजची मर वाढली, की मग पाण्यात टाकायचं. तोवर साल्मोनेला या रोगकारक जिवाणूने आतड्यात घर केलेलं असतं, आणि 'प्रोबायोटिकचा काही उपयोग नाही' असं गावभर होतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते जिवाणू पिल्लाच्या आतड्यापर्यंत जिवंत पोचलेलेच नसतात, किंवा जागा भरून गेल्यावर पोचतात.

पहिले तीन दिवस वाया घालवणं

अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं आतडं जवळजवळ कोरं असतं. खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईच्या विष्ठेत चोच मारतं आणि तिच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू उचलतं. इनक्युबेटरमध्ये ही साखळी तुटते. १९७१ साली फिनलंडमध्ये साल्मोनेला इन्फँटिस या प्रकाराची साथ ब्रॉयलरमध्ये पसरली होती. तिचा अभ्यास करताना नुर्मी आणि रांताला या शास्त्रज्ञांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला. ती पिल्लं साल्मोनेलाला दाद देईनाशी झाली. १९७३ साली हे प्रसिद्ध झालं आणि पोल्ट्रीतली आजची प्रोबायोटिकं मुख्यतः त्याच कल्पनेवर उभी आहेत: चांगल्या जिवाणूंनी आधी जागा धरायची.

घाई का, ते यावरून कळेल. एक दिवसाच्या पिल्लाला लागण व्हायला साल्मोनेलाचे मोजके जिवाणूही पुरतात. तेच पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं झालं की त्याला लागण व्हायला कितीतरी पट जास्त जिवाणू लागतात.

आपल्याकडे पिल्लं माळशेज किंवा कसारा घाट उतरून टेम्पोने येतात. अंडं फुटल्यापासून शेडमध्ये उतरेपर्यंत एक-दीड दिवस सहज जातो. म्हणून हॅचरीतच फवारा देता येतो का, हे पिल्लं बुक करतानाच विचारा. तो मिळत नसेल तर शेडमधल्या पहिल्या पाण्यात प्रोबायोटिक गेलंच पाहिजे. गुळाचं पाणी किंवा इलेक्ट्रोलाइट सोबत चालतं. पण पहिले तीन दिवस सवयीने अँटिबायोटिकचा 'कोर्स' द्यायचा आणि चौथ्या दिवशी प्रोबायोटिक, ही पद्धत उलटी आहे.

हजार पिल्लं पहिल्या दिवशी साधारण २० ते २५ लिटर पाणी पितात. सगळं एकदम कालवू नका. पाच-सहा तासांत संपेल एवढंच, म्हणजे ६ ते ८ लिटर, करा आणि संपलं की ताजं करा. पिल्लं उतरल्यावर ८ ते १० तासांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तीस-चाळीस पिल्लं उचलून गळ्याची पिशवी चाचपा. दहापैकी आठांची पिशवी मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. नसेल तर आधी ब्रूडरचं, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेचं, तापमान पाहा. पिल्लाच्या उंचीवर ते ३२ ते ३३ अंश हवं. गारठलेलं पिल्लू बल्बखाली गोळा होतं, पाण्याकडे जात नाही. मुरबाडच्या डिसेंबरातल्या रात्री हे हमखास होतं.

टीसीएलच्या पाण्यात जिवाणू मारून टाकणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि ते दिसत नाही. क्लोरीनला चांगला जिवाणू आणि वाईट जिवाणू यातला फरक कळत नाही. नळाच्या पाण्यात शेवटच्या टोकालाही किमान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन राहावं असा पिण्याच्या पाण्याचा दंडक आहे. पोल्ट्रीच्या टाकीत ते ३ ते ५ पीपीएमपर्यंत ठेवतात. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलेल्या दिवशी तर प्रमाणाचा भरवसाच नसतो. अशा पाण्यात लॅक्टोबॅसिलस हे प्रोबायोटिकमधले जिवाणू टाकणं म्हणजे पेरणीआधी बियाणं भाजण्यासारखं आहे.

ग्रामपंचायतीत पाणी तपासायला ओटी द्रावण वापरतात, त्याची एक बाटली शेडमध्ये ठेवा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. मग दोन वाटा आहेत. पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवून पुन्हा तपासायचं, किंवा लिटरला अडीच ग्रॅम स्किम्ड दूध पावडर विरघळवून २० ते ३० मिनिटं थांबायचं आणि मग प्रोबायोटिक घालायचं. लसीच्या पाण्याला आपण हेच करतो. दूध पावडरीचा साका निपलच्या (पिल्लांना पाणी देणाऱ्या तोट्यांच्या) लाइनमध्ये राहिला तर तिथे बुळबुळीत थर धरतो, म्हणून डोस संपल्यावर लाइन साध्या पाण्याने खळखळून काढा. हायड्रोजन पेरॉक्साइड, मोरचूद किंवा अ‍ॅसिडिफायर (पाणी आंबट करणारं द्रव्य) त्याच टाकीत, त्याच दिवशी नको. अ‍ॅसिडिफायर वाईट नाही, पण त्याचा दिवस वेगळा ठेवा.

बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स हे बीजाणूच्या, म्हणजे कठीण कवचातल्या झोपलेल्या जिवाणूच्या, रूपात असल्याने थोड्या क्लोरीनला आणि पेलेट (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या) बनवतानाच्या ८० ते ८५ अंशांच्या वाफेला तग धरतात. लॅक्टोबॅसिलस तग धरत नाही. पेलेट खाद्यात घालायचं तर बीजाणूवालं, पहिल्या पाण्यात द्यायचं तर लॅक्टोबॅसिलसवालं, अशी विभागणी सोयीची पडते. साठवणही त्याप्रमाणे: लॅक्टोबॅसिलसची पावडर सहसा २ ते ८ अंशांत, बीजाणूंची पावडर कोरड्या गार जागी. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातली हवा इतकी दमट असते की उघडं पाकीट दोन दिवसांत गुठळ्या धरतं. गुठळी झालेली पावडर फेकून द्या. ओलाव्याने जागे झालेले जिवाणू पाकिटातच मरतात.

दही-ताकावर भागवणं

घरचं दही स्वस्त पडतं हे खरं. पण विरजणातले जिवाणू दुधात वाढायला सरावलेले असतात. कोंबडीच्या आतड्याच्या अस्तराला चिकटून राहण्याचं काम लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियस, रॉयटेरी, क्रिस्पॅटस असे मुळात पक्ष्यांच्या आतड्यात सापडणारे जिवाणू जास्त चांगलं करतात. शिवाय दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. ताक जास्त झालं की हगवण लागते, आणि मग ती साल्मोनेलाची की ताकाची, हेच कळेनासं होतं.

ग्रॅम मोजणं, जिवाणू न मोजणं

एका कंपनीचं टनाला १०० ग्रॅम, दुसरीचंही तेवढंच घातलं, असं होतं. पाकिटावर ग्रॅममागे किती सीएफयू, म्हणजे वाढू शकणारे किती जिवाणू, ते वाचा. खाद्यात ग्रॅमला दहा लाख हे नेहमीचं लक्ष्य असतं. पाकिटात ग्रॅमला १०० कोटी असतील तर टनाला १ किलो लागतं. ग्रॅमला १,००० कोटी असतील तर १०० ग्रॅम पुरतं. पाण्यातून एका पिल्लाला दिवसाला एक कोटी द्यायचे ठरवले तर हजार पिल्लांना १,००० कोटी, म्हणजे पहिल्या पाकिटातले १० ग्रॅम. लेबलवर वेगळी शिफारस असेल तर ती पाळा, पण हिशेब करून पाहाच. १०० ग्रॅम पावडर थेट टनभर खाद्यात टाकली तर ती एका पोत्यात सापडेल आणि दुसऱ्यात नाही. आधी १ किलो भरड्यात, मग १० किलोत, मग मिक्सरमध्ये.

अँटिबायोटिकशी गाठ घालणं

बॅसिट्रॅसिन, टायलोसिन, लिंकोमायसिन ही औषधं जिवाणूंच्या ज्या गटावर चालतात, त्याच गटात लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस दोन्ही येतात. तयार खाद्यात यातलं काही आधीच आहे का, हे गोणीच्या लेबलवर बघा किंवा खाद्य पुरवणाऱ्याला विचारा. करारावर पिल्लं घेणाऱ्यांनी तर विचारलंच पाहिजे. अँटिबायोटिक अटळ असेल तर कोर्स पुरा करा, २४ तास जाऊ द्या आणि मग तीन ते पाच दिवस प्रोबायोटिक द्या. औषधाने रिकामं झालेलं आतडं एक दिवसाच्या पिल्लासारखंच उघडं पडतं, म्हणून कोर्सनंतरचे हे दिवस मोलाचे. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं नाव अजून कोणी सुचवत असेल तर ऐकू नका. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पक्ष्यांत त्यावर जुलै २०१९ पासून बंदी आहे.

'प्रतिकारशक्ती वाढते' याचा चुकीचा अर्थ

हे वाक्य पाकिटावर असतं, म्हणून नीट समजून घेऊ. साल्मोनेला आतड्याच्या भिंतीला भिडला की तिथल्या पेशी त्याला ओळखतात. टीएलआर-५ हा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) त्याच्या शेपटीतलं प्रथिन ओळखतो, टीएलआर-४ त्याच्या बाहेरच्या आवरणातला घटक. मग पेशी आयएल-१ बीटा, आयएल-६, आयएल-८ असे संदेश सोडतात आणि हेटेरोफिल धावून येतात. कोंबडीत न्यूट्रोफिलचं काम या हेटेरोफिल पेशी करतात. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात त्या दुबळ्या असतात. आईने बलकातून दिलेल्या आयजीवाय प्रतिपिंडांची शिदोरी दोन-तीन आठवड्यांत सरत जाते आणि पिल्लाचं स्वतःचं आतड्यातलं आयजीए प्रतिपिंड जोमाने तयार व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. प्रोबायोटिकचं काम याच मधल्या काळात आहे.

आता घोळ कुठे होतो ते बघा. लॅक्टोबॅसिलस आणि इतर उपयोगी जिवाणूंचं मिश्रण आधी दिलेल्या आणि नंतर साल्मोनेला टायफिम्युरियम पाजलेल्या पिल्लांवर प्रयोग झाले आहेत. त्यात आंधळ्या आतड्याजवळच्या (सीकमजवळच्या) टॉन्सिलमध्ये आयएल-१२ आणि इंटरफेरॉन गॅमा हे संदेश कमी आढळले. 'म्हणजे प्रतिकारशक्ती घटली' असा अर्थ काढला तर चूक. भिंतीपाशी पोचणारे शत्रूच कमी असले की बोंब कमी होते. आणि सततचा दाह पिल्लाला महाग पडतो: खाद्य मांसाऐवजी त्या आगीत जातं, वजन मागे पडतं. चांगलं प्रोबायोटिक भडका उडू देत नाही, आयजीएला मदत करतं आणि आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवतं. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल करतं. आंधळ्या आतड्यातले इतर जिवाणू ते वापरून ब्युटिरेट हे दुसरं आम्ल बनवतात आणि ब्युटिरेटमुळे साल्मोनेलाची भिंतीत घुसण्याची जनुकं मंदावतात. एवढी साखळी चालायला वेळ लागतो, एका डोसात ती उभी राहत नाही.

पुलोरम आणि फाउल टायफॉइड हे कोंबड्यांचे रोग करणाऱ्या साल्मोनेलांना शेपटीच नसते. त्यामुळे टीएलआर-५ ला त्यांचा सुगावा लागत नाही, आतड्यात फारसा भडका न उडवता ते यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात. आतड्यात जागा अडवणारं प्रोबायोटिक यांच्यापुढे तोकडं पडतं. शिवाय पुलोरम मुख्यतः अंड्यातूनच येतो. तो रोखायचा तर ब्रीडर (अंडी देणाऱ्या आई-पिढीच्या) कोंबड्यांची रक्तचाचणी करणाऱ्या हॅचरीकडूनच पिल्लं घ्यावीत. रंगीत अँटिजेनचा एक थेंब, रक्ताचा एक थेंब, दोन मिनिटांत गुठळ्या दिसतात का ते बघायचं, इतकी ती सोपी आहे.

आजार निघाल्यावर प्रोबायोटिक हेच औषध समजणं

मागे पांढरी विष्ठा चिकटणं हे पुलोरमचं लक्षण आहे, पण प्रवासात गारठलेल्या आणि तहानलेल्या पिल्लांतही तसंच दिसतं. ताज्या मेलेल्या पिल्लात यकृतावर पांढरे ठिपके, न जिरलेला बलक आणि आंधळ्या आतड्यात पनीरसारखा घट्ट गाभा दिसला तर संशय पक्का करा. मोठ्या कोंबडीत हिरवट-पिवळी हगवण आणि सुजलेलं, तांबूस-हिरवट झाक असलेलं यकृत फाउल टायफॉइडकडे बोट दाखवतं. नुसत्या नजरेवर औषध ठरवू नका, ई. कोलाय या जिवाणूच्या लागणीतही न जिरलेला बलक दिसतो. ताजे मेलेले पक्षी दुहेरी पिशवीत, बर्फाच्या डब्यात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेत पाठवा. ते गोठवू नका. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग आपल्याला जवळ आहेत. कोणतं अँटिबायोटिक चालेल, याची चाचणी तिथेच मागा.

एका रात्रीत ढिगाने मर झाली तर पक्षी फाडूच नका. ती मानमोडी (राणीखेत) किंवा बर्ड फ्लू असू शकते. शहापूर तालुक्यात वेहळोलीला फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू निघाला होता. आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन.

उंदीर, ओलं तूस आणि एकच तपासणी

उंदराच्या एका लेंडीत लाखभर साल्मोनेला असू शकतात. खाद्याच्या गोण्या भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवा. शेडमध्ये अंथरलेलं भाताचं तूस मुठीत दाबून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते जास्त ओलं आहे, काढून टाका.

तपासणीसाठी बुटांवर ओले कापडी मोजे चढवून शेडभर किमान शंभर पावलं चाला आणि ते निर्जंतुक पिशवीत पाठवा. प्रयोगशाळेला चार-पाच दिवस लागतात. अँटिबायोटिक चालू असताना घेतलेला नमुना फसवतो. कोंबडी साल्मोनेला रोज बाहेर टाकत नाही, म्हणून एक अहवाल निगेटिव्ह आला तरी तिसऱ्या आठवड्यात आणि विक्रीच्या आठवडाभर आधी पुन्हा नमुना घ्या.

विक्रीच्या आदल्या रात्री खाद्य बंद केलं की भुकेली कोंबडी तूस चोचलते आणि गळ्याच्या पिशवीत साल्मोनेला वाढतो. गाडीतला वेळ धरून उपास ८ ते १० तासांच्या वर जाऊ देऊ नका, पाणी शेवटपर्यंत ठेवा. आणि ठाणे-कल्याणच्या दुकानांतून परत आलेले रिकामे क्रेट घासून, जंतुनाशकात बुडवून, उन्हात वाळवल्याशिवाय शेडच्या दारातून आत घेऊ नका.