सातारा-सांगलीची खरेदी: काय पारखायचं, कधी घ्यायचं, घरापर्यंत कसं न्यायचं

सातारा-सांगली फिरून येताना पिशवीत काय असावं हे बहुतेकांना ठाऊक असतं. चुकतं ते क्रमात. पहिल्याच दिवशी साताऱ्यात दोन किलो पेढे घेतले जातात, ते गाडीच्या डिकीत तीन दिवस कास, ठोसेघर, औदुंबर फिरतात आणि घरी डबा उघडल्यावर आंबूस वास येतो. दोष पेढ्याचा नसतो. म्हणून आधी क्रम ठरवा: टिकणारं पहिल्यांदा, नाजूक शेवटी. हळकुंडं, घेवडा, घोंगडं कधीही घ्या. बेदाणे आणि मध मधल्या दिवशी. भडंग, म्हणजे मसालेदार कुरमुरे, निघायच्या आदल्या संध्याकाळी. स्ट्रॉबेरी आणि पेढे परतीच्या वाटेवर, अगदी शेवटी. सांगलीहून पुण्याकडे परतणार असाल तर सातारा वाटेतच लागतं, त्यामुळे जाताना पेढ्यांकडे वळायची गरजच नाही. कोल्हापूर किंवा सोलापूरकडे परतणाऱ्यांनी मात्र सातारा शेवटच्या दिवशी ठेवून प्रवास आखावा, नाहीतर पेढ्यांचा मोह आवरावा.

दुसरी तयारी पिशव्यांची. हळद आणि भडंगातला लसूण यांचा वास शेजारच्या वस्तूत उतरतो आणि खवा तो सगळ्यात लवकर ओढून घेतो. तीन वेगळ्या पिशव्या ठेवा: एक हळद-मसाल्याची, एक खाऊची, एक कपड्या-लोकरीची. घरून दोन घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, चार-पाच कापडी पिशव्या आणि थोडी वर्तमानपत्राची रद्दी नेली की दुकानातल्या पातळ पिशव्यांवर अवलंबून राहावं लागत नाही.

हळद: पूड नको, हळकुंड घ्या

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण या पेठेचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. हळद साठवायला सांगलीजवळच्या हरिपूरच्या मातीत खोल पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, खणलेली असत. तोंड बंद केलं की आत हवा उरत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षं राहतो. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली.

इथली प्रसिद्ध जात राजापुरी. काढणीनंतर हळद शिजवतात, उन्हात वाळवतात आणि पिंपात फिरवून तिची खरबरीत साल घासून काढतात. याला पॉलिश म्हणतात आणि ते वाईट नाही. वाईट आहे तो वरून चढवलेला रंग. तो ओळखायला बोट ओलं करून हळकुंडावर घासा. भडक पिवळा थर पुसल्यासारखा निघाला तर पुढच्या दुकानात जा. आणखी खात्री हवी तर दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागा आणि त्यात हळकुंड सोडा. चांगलं हळकुंड लगेच रंग सोडत नाही, रंगवलेल्याभोवती क्षणात पिवळे ढग उठतात.

मग एक हळकुंड मोडून बघा. नीट वाळलेलं कट् आवाज करून तुटतं. वाकलं तर ओल आहे, महिनाभरात बुरशी धरेल. तुटलेल्या तोंडाचा रंग सालीपासून गाभ्यापर्यंत एकसारखा नारिंगी-पिवळा असावा. मध्ये फिकट, पिठूळ गाभा दिसला तर हळद कमी शिजली आहे. बारीक भोकं दिसली तर कीड लागून गेली आहे, भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. नवी हळद पेठेत साधारण फेब्रुवारी-मार्चपासून येऊ लागते. वर्षाची खरेदी तेव्हाच करावी. चौघांच्या घराला वर्षाला किलोभर साधारण पुरते.

पूड करणं हे खरं काम. अख्खं हळकुंड मिक्सरमध्ये टाकू नका, पातं वाकतं. दोन दिवस कडक ऊन द्या, खलबत्त्यात हरभऱ्याएवढे तुकडे करा आणि मग डंकावर किंवा हळद दळणाऱ्या गिरणीत न्या. तिथे एकच गोष्ट सांगायची: "दादा, मिरचीनंतर नको, हळदीवरच हळद टाका." मिरचीचा घाणा आधी निघाला असेल तर हळद तिखट होते आणि ती दुधात घालता येत नाही. घरीच करायची तर एका वेळी शंभर ग्रॅम तुकडे फिरवून मलमलीतून चाळा आणि वरचा चाळ पुन्हा फिरवा. पूड गरम असताना बरणी बंद करू नका. आतली वाफ थंड होऊन पाणी सुटतं आणि गुठळ्या होतात. उजेडात हळदीचा रंग उडतो, म्हणून काचेची पारदर्शक बरणी खिडकीत ठेवायची नाही. पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा उत्तम.

तयार पूडच घ्यावी लागली तर पाण्याच्या पेल्यात चमचाभर न ढवळता टाका. बरीचशी तळाशी बसून पाणी फिकट पिवळं राहिलं तर ठीक. पाणी लगेच गडद झालं तर रंग आहे. चुना किंवा सोडा लावून हळद लाल झाली म्हणजे भेसळ, असा समज मात्र चुकीचा आहे. शुद्ध हळद चुन्याने लाल होतेच, हळदीचं कुंकू त्याच गुणावर होतं.

बेदाणे

तासगाव आणि सांगली या बेदाण्याच्या मोठ्या पेठा. सांगलीच्या बेदाण्यालाही २०१६ साली मानांकन मिळालं. दुकानात हिरवा, पिवळा आणि काळा असे ढीग दिसतात. फरक द्राक्षाच्या जातीचा असतो तसाच वाळवण्याचाही असतो. हिरवा सावलीतल्या शेडमध्ये, जाळ्यांच्या थरांवर वाळतो. त्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे सालीवरचं मेण सुटतं आणि पाणी लवकर उडतं. पिवळ्याची झळाळी बहुधा गंधकाच्या धुरीने आलेली असते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे विचारूनच घ्यावं. अगदी एकसारखा, काचेसारखा चमकणारा पिवळा बेदाणा बघून भुलू नये. खाण्यासाठी हिरवट-तपकिरी, थोडा असमान रंगाचा बेदाणा जास्त भरवशाचा.

मूठभर घ्या, दाबा, सोडा. दाणे पुन्हा सुटे झाले पाहिजेत. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. खुळखुळ वाजले तर जास्त वाळले आहेत, ते शिऱ्यात चालतील, नुसते खायला नाहीत. देठं राहिलेला माल स्वस्त मिळतो, पण किलोभर निवडायला अर्धा तास जातो हे लक्षात घेऊन भाव करा.

घरी आणल्यावर खाण्यापुरतेच कोमट पाण्यात धुवा, सगळे एकदम नाही. धुतलेला बेदाणा आंबतो. उरलेले हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये. काही महिन्यांनी वर पांढरे कण दिसले तर घाबरून टाकू नका. कण बोटाला खरखरीत लागत असतील तर ती वर आलेली साखर आहे, कोमट पाण्यात विरघळते. पांढरं काही तंतूसारखं, मऊ असेल आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी, ते टाकायचं.

कोरेगावचा वाघ्या घेवडा

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडच्या या राजम्यासारख्या कडधान्याकडे प्रवासी फारसे वळत नाहीत आणि ते चुकतात. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, म्हणून वाघ्या. खरिपाचं पीक असल्यामुळे पावसाळा सरता सरता नवा माल येतो. जुना घेवडा कितीही शिट्ट्या दिल्या तरी कडक राहतो, म्हणून "यंदाचाच ना?" हे विचारा आणि दाण्यावरचे पट्टे ठसठशीत आहेत का बघा. जुन्या दाण्याचा रंग काळवंडतो. आठ तास भिजवा, भिजवलेलं पाणी टाका, ताज्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा घेवडा पोट बिघडवतो.

माणदेशी घोंगडं

माण-खटावकडच्या दुष्काळी पट्ट्यात मेंढरांची लोकर कातून हातमागावर घोंगडी विणली जातात. घेताना पहिली शंका लोकरीची. कडेचा एक धागा मागून घ्या आणि काडीने पेटवा. लोकर जळलेल्या केसांसारखा वास सोडते आणि राख चिमटीत भुगा होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी बनतो. पट्ट्या मध्ये जोडलेल्या असतील तर शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा. घोंगडं आधी फाटतं ते तिथेच. नवं घोंगडं टोचणारच, ते दोष समजू नका. विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्याचाही कडकपणा असतो. वापराने मऊ होतं. सुरुवातीला खाली सतरंजीसारखं अंथरा, पांघरायला नंतर घ्या.

वॉशिंग मशीन वर्ज्य. गरम पाणी आणि घुसळण यांनी लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते, ती परत पूर्ववत होत नाही. झटकून ऊन देणं पुरेसं. धुवावंच लागलं तर थंड पाणी, रिठा, न पिळता सावलीत आडवं पसरणं. पावसाळ्याआधी एक दिवस ऊन द्या, घडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या ठेवा. कसर लागली की घोंगड्याला भोकं पडतात आणि ती बंद घडीतच वाढते, म्हणून दोन महिन्यांतून एकदा घडी मोडा.

मिरजेचा तानपुरा

सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर मिरज. इथल्या सतारमेकर गल्लीत भोपळा कापण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून त्यांना घुमता झंकार देण्यापर्यंतचं, काम बघायला मिळतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात.

शोभेची छोटी प्रतिकृती घ्यायची तर भोपळ्याची नक्षी बघा आणि घ्या, फार खल नको. खरं वाद्य घ्यायचं तर मात्र घाई करू नका आणि गाणाऱ्या माणसाला बरोबर न्या. आधी आपली पट्टी सांगा. पुरुषांच्या खालच्या स्वरांसाठी मोठा, बायकांच्या पट्टीसाठी लहान तानपुरा लागतो आणि तो अदलाबदल करून चालत नाही. भोपळा बोटाने चहूकडे हलकेच वाजवून ऐका. मध्येच आवाज बद्द झाला तर तिथे चीर किंवा बुजवलेली जागा असू शकते. खुंट्या फिरवून सोडा, त्या घसरून परत फिरू नयेत. जुळवलेला तानपुरा दहा मिनिटं तसाच ठेवा आणि पुन्हा छेडा. जवारी ऐकताना चारही तारा वेगवेगळ्या छेडा. एखादीच तार कोरडी, लवकर विझणारी वाटली तर घोडीचा त्या जागचा पृष्ठभाग पुन्हा घासून घ्यावा लागेल, ते दुकानातच करून मागा. जास्तीच्या तारांचा एक संच आणि जवारीचा दोरा बरोबर घ्या.

नेताना तारा थोड्या सैल करा, पूर्ण काढू नका. सगळ्यात नाजूक भाग भोपळा. त्यावर कपड्यांचं ओझं ठेवायचं नाही आणि उन्हात बंद गाडीत वाद्य सोडून जेवायला जायचं नाही. तापून सांधे सुटतात. बसच्या टपावर तर अजिबात नाही. आगगाडीत खालच्या बाकावर, भोपळा भिंतीकडे. विमानाने न्यायचा असेल तर टणक पेटी त्याच दुकानातून बनवून घ्या.

मध, स्ट्रॉबेरी

महाबळेश्वरच्या मधाचा रंग आणि चव फुलोऱ्यानुसार बदलते. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट लागतो, तो भेसळीचा नव्हे. पाण्यात थेंब टाकणं, वात पेटवणं या परीक्षांवर भरवसा ठेवू नका. साखरेच्या पाकाची भेसळ त्यातून निसटते. शिक्का, तुकडी क्रमांक आणि तारीख असलेली बाटली घ्या. उघड्या डब्यातला स्वस्त मध नको. सातेरी या देशी मधमाशांच्या मधात पाण्याचा अंश जास्त असतो, म्हणून तो आंबू शकतो. फेस आला आणि आंबट वास सुटला तर तो बिघडला. थंडीत गोठला तर मात्र काही बिघडलेलं नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका.

स्ट्रॉबेरी डिसेंबर ते एप्रिल. तोडल्यावर ती पिकत नाही, म्हणून देठाजवळ पांढरी असलेली घरी जाऊन लाल-गोड होईल ही आशा व्यर्थ. डबी उलटी करून तळ बघा, वर मोठी फळं आणि खाली चेपलेली असतात. धुऊ नका, देठ काढू नका. पसरणीच्या घाटात डबी डिकीत ठेवली तर वाईपर्यंत तळाशी रस साठतो. मांडीवर किंवा सीटवर ठेवा. फ्रीजमध्ये कागदावर एका थरात पसरल्या तर दोन-तीन दिवस राहतात.

भडंग आणि शेवटी पेढे

सांगलीचं भडंग घेताना पाकीट दाबा. हवा जाणवली पाहिजे. तेल खवट झालंय का ते फक्त चवीनं कळतं, म्हणून आधी चिमूटभर मागा. सादळलं तर तेल न घालता मंद आचेवर चार मिनिटं परता आणि गार झाल्यावरच डब्यात भरा.

कंदी पेढे मोती चौकात, राजपथावर. विचारायचं एवढंच, "काका, आज सकाळचा आहे का?" पेढा मोडला की आतून रवाळ आणि कोरडा दिसला पाहिजे. दाताला चिकटला तर खवा कमी भाजला आहे किंवा साखर जास्त. तांबूस रंग खवा भाजल्याचा असतो आणि त्या भाजण्यानेच पाणी कमी होऊन पेढा टिकतो. गरम पेढे मिळाले तर भाग्यच, पण खोक्याचं झाकण उघडं ठेवून गार होऊ द्या. बंद केले तर वाफेचं पाणी झाकणावरून परत पेढ्यावर पडतं आणि तिसऱ्या दिवशी पांढरे ठिपके दिसतात. थंडीत आठवडाभर बाहेर राहतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत संपवा. त्यापुढे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फ्रीजमध्ये, कांदा-लसणापासून दूर ठेवा आणि खाण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा.