खरेदी आणि पेमेंट एकाच रिपोर्टात आणताय? या चुका टाळा

जामनेर, धरणगाव, चोपडा, कुठल्याही जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) बघा. कापूस खरेदी काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेमेंट अकाउंटच्या पॅकेजमध्ये, रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) गाठींची विक्री तिसरीकडेच. आपापल्या जागी सगळं बरोबर असतं, आकडे बिघडतात ते जोडताना.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन तक्ते शेतकरी कोडवर थेट जोडणं. समजा, एका शेतकऱ्याच्या तीन गाड्या आल्या: 10, 10 आणि 12 क्विंटल. भाव 7,000 धरला तर 2,24,000 रुपये झाले. ते त्याला दोन हप्त्यांत दिले, 1,50,000 आणि 74,000. थेट जोडल्यावर प्रत्येक गाडीसमोर दोन्ही हप्ते येऊन बसतात, 6 ओळी तयार होतात. बेरीज येते कापूस 64 क्विंटल, पेमेंट 6,72,000. एरर मात्र कुठेच येत नाही, म्हणून मालकाच्या टेबलापर्यंत रिपोर्ट बिनबोभाट पोचतो.

मग कोणीतरी सम डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरून केलेली बेरीज) लावायला सांगतं. हा रोगापेक्षा इलाज भयंकर! 10 क्विंटलच्या दोन गाड्यांची एकच गाडी होते आणि कापूस 22 क्विंटलवर येतो. आधी खरेदीची शेतकरीनिहाय बेरीज करा, पेमेंटची वेगळी करा, मगच एका ओळीला एक ओळ जोडा. पॉवर बीआयमध्ये (रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) शेतकऱ्यांचा स्वतंत्र मास्टर (प्रत्येक शेतकऱ्याची एकच ओळ असलेला तक्ता) ठेवा, दोन्ही तक्ते त्यालाच जोडा आणि फिल्टरची दिशा मास्टरकडून तक्त्यांकडे, एकेरीच असू द्या.

जोडताना इनर जॉइन (दोन्ही तक्त्यांत असलेल्याच ओळी ठेवणारी जोडणी) वापरला तर ज्याला अजून एक रुपयाही दिलेला नाही तो शेतकरी रिपोर्टातून गायब होतो. बाकी कोणाची आहे तेच तर बघायचं होतं! फुल आउटर जॉइन घ्या, त्यात दोन्हीकडच्या सगळ्या ओळी राहतात. रिकाम्या जागी शून्य भरा, नाहीतर एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) वजाबाकीही रिकामीच येते.

गावाच्या नावावर जोडणी करूच नका. पिंप्री, वडगाव किती तालुक्यांत आहेत ते मोजत बसाल. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो घ्या.

कापसाचं वाण फक्त खरेदीत असतं, पेमेंटमध्ये नसतं. तरी वाणानुसार पेमेंट मागितलं की पॉवर बीआय प्रत्येक वाणासमोर तोच एकूण आकडा छापतं. लोक त्याला बग म्हणतात. खरं तर तो प्रश्नच त्या डेटाला विचारता येत नाही.

विक्री जोडायची असेल तर एककं आधी बघा. खरेदी कापसाच्या क्विंटलमध्ये, गाठ 170 किलो रुईची, रुईचा भाव 356 किलोच्या खंडीला. शिवाय कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. तारखांच्या मास्टरमध्ये दोन्हींसाठी वेगळे कॉलम नसतील तर 31 मार्चला गोदामात पडून असलेल्या गाठी तोटा म्हणून दिसतात.