नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी : कशा ओळखाव्यात, कोठे लावाव्यात, कशी निगा राखावी

रोपवाटिकेत जाऊन ‘ब्राह्मी’ मागितली, तर हातात पडणारे रोप दोन निरनिराळ्या वनस्पतींपैकी कोणते असेल, हे आधी सांगता येत नाही. एक नीरब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी, आणि दुसरी मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. दोन्ही जमिनीलगत पसरणाऱ्या व वर्षानुवर्षे टिकणाऱ्या आहेत, दोन्हींना ओल आवडते आणि दोन्हींना लोक ब्राह्मीच म्हणतात. मात्र ओल आणि साचलेले पाणी यांत जो फरक आहे, तोच या दोघींच्या निगेतही आहे, आणि तो लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक घरांतील ‘ब्राह्मी’ दोन-तीन महिन्यांत जाते. माझ्या कोल्हापूरच्या घरीही पहिल्या वर्षी हेच घडले. एका रोपवाटिकेतून ब्राह्मी म्हणून आणलेले रोप मी, ब्राह्मीला पाणी लागते असे ऐकले असल्यामुळे, भोक बुजवलेल्या टबात लावले. पंधरवड्यात त्याची पाने पिवळी पडून देठाशी सडू लागली. ती मंडूकपर्णी होती.

म्हणून पहिली पायरी ओळखीची. रोप हातात घेऊन आधी पान पाहावे. मंडूकपर्णीचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बोथट दात्यांचे असते आणि देठाच्या टोकापासून शिरा पंख्यासारख्या पसरलेल्या स्पष्ट दिसतात. प्रत्येक पान लांब देठावर एकटे उभे असते. कोकणीत तिला ‘एकपानी’ आणि सीमेपलीकडे कन्नडमध्ये ‘ओंदेलगा’, म्हणजे एकच पान, म्हणतात ते याचमुळे. ती कोथिंबीर, गाजर आणि ओव्याच्या कुळातील आहे. तिची बारीक गुलाबीसर फुले पानांच्या खाली, मातीशी लपलेली असतात, त्यामुळे वर्षभर सांभाळूनही अनेकांनी ती पाहिलेली नसतात.

नीरब्राह्मीचे पान अगदी वेगळे असते. ते एक ते दोन सेंटिमीटर लांब, टोकाकडे रुंद व बुडाशी निमुळते, जाडसर आणि रसरशीत असून त्यावर मधली शीर सोडली तर दुसरी शीर सहसा दिसत नाही. पाने खोडावर समोरासमोर जोडीने येतात. खोड बोटांत दाबले, तर पाणी सुटते, आणि मातीला टेकलेल्या जवळजवळ प्रत्येक पेराला पांढऱ्या मुळ्यांचा झुपका फुटलेला आढळतो. फुले पांढरी किंवा फिकट जांभळी, पानाच्या बगलेत एकेकटी आणि वरच्या बाजूला उघडणारी असतात.

येथे दोन फसवणुकींपासून सावध राहावे. आपल्या बाजारात भाजी म्हणून मिळणारी घोळ दुरून नीरब्राह्मीसारखी भासते. परंतु घोळीचे खोड लालसर व फुले पिवळी असतात आणि ती कोरड्या, रेताड जागीही वाढते. मंडूकपर्णीसारख्याच दिसणाऱ्या, शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या एका पाणवनस्पतीच्या पानाचा देठ पानाच्या मधोमध, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो. मंडूकपर्णीचा देठ मात्र पानाच्या कडेच्या खाचेत जोडलेला असतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चूक होत नाही.

ओळख पटल्यावर जागा निवडावी. नीरब्राह्मीला रोज चार-पाच तास ऊन मिळाले, तर ती दाट होते. सावलीत तिची पेरे लांब होतात आणि वेल विरळ दिसू लागतो. मंडूकपर्णीचे याच्या उलट आहे. भर उन्हात ती मरत नाही, पण पाने लहान, जाड आणि तांबूस देठाची होतात. निम्म्या सावलीत तीच पाने तळहाताच्या खळग्याएवढी, कोवळी येतात. म्हणून गच्चीच्या उघड्या भागात नीरब्राह्मी आणि आंब्याच्या किंवा शेवग्याच्या विरळ सावलीत, अथवा घराच्या पूर्वेला मंडूकपर्णी, अशी वाटणी करावी.

मातीचा विचार कोल्हापुरात विशेष करावा लागतो, कारण पंचगंगेकाठची काळी, मळीची माती आणि पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. काळी माती पाणी धरून ठेवते व वाळली की भेगाळते. तांबडी माती पाणी लवकर सोडते. नीरब्राह्मीसाठी काळी किंवा पोयट्याची माती दोन भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग घ्यावे. मंडूकपर्णीसाठी तांबडी माती, शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत किंवा कोकोपीट समान प्रमाणात मिसळावे. घरात केवळ काळी मातीच उपलब्ध असेल, तर मंडूकपर्णीसाठी त्यात वाळू मिसळावी, तसेच कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे निचरा राहील.

लागवड जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, पाऊस स्थिरावल्यावर करावी. वळवाच्या पहिल्या सरीने फसून मे महिन्यात लावलेली रोपे पुढच्या उन्हाच्या तडाख्यात करपतात.

नीरब्राह्मीसाठी बिनभोकाचा पसरट टब, जुने घमेले किंवा गळती नसलेली परात चालते. त्यात दहा-बारा सेंटिमीटर माती भरून चिखल करावा. निरोगी वेलाची आठ-दहा सेंटिमीटरची कांडी, किमान तीन पेरांची, घ्यावी. खालच्या दोन पेरांची पाने काढावीत आणि ती पेरे आडवी चिखलात दाबून शेंडा वर ठेवावा. दोन कांड्यांत दहा सेंटिमीटर अंतर पुरते. पहिले आठ-दहा दिवस पाणी मातीच्या पातळीइतकेच ठेवावे, कारण मुळे धरण्यापूर्वी पाणी जास्त झाले की कांड्या उपटून तरंगू लागतात. शेंड्याला नवी पानांची जोडी दिसली की मुळे धरली असे समजावे आणि मग मातीवर दोन ते पाच सेंटिमीटर पाणी राहू द्यावे.

या साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत, याची जबाबदारी लावणाऱ्याची आहे आणि ती हलक्याने घेऊ नये. टब मोठा असेल, तर त्यात चार-पाच गप्पी मासे सोडावेत. टब लहान असेल, तर पाणी साचवण्याचा आग्रह सोडून केवळ चिखल ओला ठेवावा. नीरब्राह्मीला तेवढे पुरते.

मंडूकपर्णीसाठी पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल, तोंडाला रुंद, भोकाची कुंडी घ्यावी. तिचे धावरे, म्हणजे जमिनीवरून पळणाऱ्या बारीक फांद्या, पेरापेराला मुळे धरतात. मुळे असलेले एक पेर दोन-तीन पानांसह कापून घ्यावे व मुळांपुरतेच मातीत बसवावे. पेराचा कोंब झाकला गेला, तर तो कुजतो. बी टाकून वाट पाहण्यापेक्षा ही पद्धत सोपी व खात्रीची आहे.

पाणी देताना मंडूकपर्णीच्या मातीत बोट खुपसून पाहावे. वरचा थर हाताला ओलसर लागला पाहिजे, चिकट चिखल लागता कामा नये. जुलै-ऑगस्टच्या झडीत कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि खालची बशी काढून टाकावी. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, माध्यान्हीच्या उन्हात शेडनेट धरावे आणि मातीवर पाचटाचे आच्छादन घालावे. उसाच्या या जिल्ह्यात पाचट मिळवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

खत देण्याची रीतही दोघींची निराळी आहे. मंडूकपर्णीला दर पंधरा दिवसांनी दहापट पाण्यात मिसळलेले जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र व गूळ आंबवून केलेले पातळ खत, द्यावे. नीरब्राह्मीच्या टबात असे पातळ खत ओतले, तर पाणी हिरवे होऊन शेवाळ माजते. म्हणून गांडूळखताचा मुठीत दाबून केलेला छोटा गोळा दोन महिन्यांतून एकदा मुळांजवळ मातीत खोचावा. पावसाळ्यात गोगलगायी मंडूकपर्णीची पाने एका रात्रीत चाळणीसारखी करतात. संध्याकाळी कुंडीजवळ ओले गोणपाट अंथरावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ थेट मातीवर टाकू नये, त्याने रोपच जाते.

काढणी लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी सुरू करता येते. नीरब्राह्मी कात्रीने जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून कापावी, ती पुन्हा फुटते. मंडूकपर्णीचे पान ओढू नये, कारण त्याबरोबर धावरा उपटला जातो. देठ बुडाशी नखाने खुडावा. मंडूकपर्णीची कोवळी पाने चटणीत किंवा ताकातल्या तंबळीत चांगली लागतात. नीरब्राह्मी कडू असते व भाजीसारखी खाण्याची गोष्ट नाही. औषध म्हणून दोहोंपैकी काहीही नियमित घ्यायचे असेल, तर वैद्यांना रोप दाखवून, नाव पक्के करूनच घ्यावे.

एक इशारा मला आवर्जून द्यावासा वाटतो. नीरब्राह्मी पाण्यातील व मातीतील जड धातू आपल्या अंगात शोषून साठवते. त्यामुळे सांडपाण्याच्या नाल्याकाठी ती कितीही टवटवीत दिसली, तरी खाण्यासाठी आणू नये. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तेथे पुन्हा तशी वेळ आली, तर पाण्याखाली राहूनही ही वनस्पती तग धरू शकते. पण त्या टबातील माती फेकून द्यावी, शेंड्याच्या काही कांड्या स्वच्छ पाण्यात धुऊन नव्या मातीत लावाव्यात आणि जुना पाला वापरू नये.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये दोन्ही कुंड्या रिकाम्या कराव्यात, कारण तोवर मुळांचे जाळे एवढे दाट होते की नव्या पेरांना टेकायला माती उरत नाही. कडेचे ताजे वेल निवडून नव्या मातीत लावावेत, मधला निबर झालेला भाग खतात टाकावा, आणि शेजारी कोणाला रोप द्यायचे झाल्यास त्यावर ‘ब्राह्मी’ एवढेच न लिहिता नीरब्राह्मी किंवा मंडूकपर्णी असे पूर्ण नाव लिहून द्यावे.