जागतिक दृष्टिकोनाचं ऑनलाइन प्रशिक्षण: लॉगिन करण्याआधीची तयारी

प्रशिक्षणाची लिंक ग्रुपवर येते, आपण ‘ओके सर’ टाकतो आणि सत्राच्या दिवशी ती वर सरकवत शोधत बसतो. इतर प्रशिक्षणांत हे खपून जातं. वर्गात जागतिक दृष्टिकोन कसा आणावा, या विषयाला मात्र रिकाम्या हाताने बसलात तर प्रमाणपत्राशिवाय काही मिळणार नाही. मार्गदर्शक दिल्लीचा असो की लंडनचा, तुमच्या तालुक्यातलं उदाहरण त्याच्याकडे नसतं. ते आपणच न्यायचं असतं. म्हणून ही यादी मोबाइलपासून नाही, पाठ्यपुस्तकापासून सुरू होते.

आधी एक धडा पक्का करा. प्रशिक्षण संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत शिकवायचाच आहे, असा. शेवटी पाठ नियोजन करून द्यायला सांगतातच. तेव्हा सुचेल तो विषय घेऊन केलेलं नियोजन अपलोड होतं आणि तिथेच राहतं. तुमच्या वार्षिक नियोजनातलाच धडा असेल तर तेच काम वर्गातही चालतं. त्या धड्याच्या दोन पानांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा, गटचर्चेत दाखवता येतात.

मग त्या धड्यातून आपल्या गावातली कोणती गोष्ट बाहेरच्या जगाशी जोडलेली आहे, ते शोधा. यादीतलं सगळ्यात वेळखाऊ काम हेच, आणि माझ्या मते निम्मं प्रशिक्षण इथेच होऊन जातं. विदर्भात शिकवत असाल तर कापूस हाताशी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग मागणी इकडे वळली, मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले, खामगाव-हिंगणघाटकडच्या मालाला सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईत सट्टा खेळलेले भलेभले व्यापारी बुडाले. आठवीला ब्रिटिश सत्तेचे परिणाम शिकवताना एवढं सांगितलं तरी पोरं विचारतात, की अमेरिकेतल्या गुलामांच्या प्रश्नाचा आणि आपल्या पणजोबांच्या शेताचा संबंध काय. तो प्रश्न वहीत लिहून घ्या आणि प्रशिक्षणाला न्या.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या, निफाड-दिंडोरीच्या शिक्षकांना तर लांब जायलाच नको. ओळखीच्या पॅकहाउसमधून, म्हणजे माल निवडून खोक्यांत भरतात तिथून, निर्यातीच्या द्राक्षांचं एक रिकामं खोकं मागून आणा आणि आधी स्वतः नीट वाचा. वाण, निव्वळ वजन, प्रत, पॅकहाउसचा क्रमांक, मूळ देश. आत सल्फर डायऑक्साइड सोडणारा पातळ कागदी पॅड असतो, वाटेत मण्यांना बुरशी धरू नये म्हणून. तो कशासाठी असतो हे विज्ञानाच्या तासाला विचारता येतं. खोक्यावरचा क्रमांक कशासाठी असतो, याचं उत्तर कुणाच्या तरी घरातच मिळेल. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, आणि त्याची झळ बसलेले बागायतदार पालकसभेला येतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. बरीचशी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि पुढच्या हंगामात युरोपला जाणाऱ्या मालाचे दिवस आणि भाडं दोन्ही वाढलं. पृथ्वीगोलावर न्हावा-शेवा बंदरापासून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमपर्यंत एकदा सुएझमार्गे आणि एकदा केप ऑफ गुड होपमार्गे दोरा धरायला लावा. फरक किती ते मुलं पट्टीने मोजून काढतील.

दोरा पृथ्वीगोलावरच धरायचा, भिंतीवरच्या सपाट नकाशावर नाही. त्यामुळे शाळेतला पृथ्वीगोल कपाटातून काढून पुसून ठेवणं, हे यादीतलं पुढचं काम. मर्केटरने १५६९ मध्ये केलेला नकाशा दर्यावर्दींना दिशा धरायला सोयीचा होता, पण त्यात ध्रुवाकडचे प्रदेश फुगून दिसतात. ग्रीनलंड त्यावर आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. आपला भारतसुद्धा ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे, हे सांगितल्यावर सातवीचा वर्ग आधी विश्वास ठेवत नाही. नकाशांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. परदेशी प्रशिक्षणातल्या स्लाइडवर भारताच्या सीमा वेगळ्या दाखवलेल्या असू शकतात. तो नकाशा जसाच्या तसा छापून वर्गात लावू नका किंवा ग्रुपवर टाकू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या विभागाचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवलात तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

थोडं वाचनही करून ठेवा, फार नको. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या १७ ध्येयांपैकी चौथं शिक्षणाचं, आणि त्यातलं ४.७ हे उपलक्ष्य जागतिक नागरिकत्वाबद्दल आहे. तेवढा एक परिच्छेद वाचा. पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. तिच्या २०१८ च्या फेरीसाठी ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने जागतिक क्षमतेचे चार भाग मांडले होते: स्थानिक आणि जागतिक प्रश्न तपासणं, दुसऱ्याची बाजू समजून घेणं, वेगळ्या संस्कृतीच्या माणसांशी मोकळेपणाने आणि नीट वागणं-बोलणं, आणि सगळ्यांच्या भल्यासाठी काही कृती करणं. हे चार मुद्दे एखाद्या स्लाइडवर बहुधा भेटतीलच. आपला धडा यांतल्या कशात बसतो, ते आधी पेन्सिलने लिहून ठेवा. चारही भागांत बसवायचा अट्टहास नको. एकात नीट बसला तरी पुष्कळ झालं.

स्वीडनच्या गॅपमाइंडर या संस्थेची डॉलर स्ट्रीट नावाची वेबसाइट आहे, ती एकदा निवांत चाळून घ्या. जगभरातल्या कुटुंबांच्या घरातल्या चुली, दात घासायच्या वस्तू, झोपायच्या जागा, सगळं फोटोंत आणि महिन्याच्या कमाईच्या क्रमाने लावलेलं आहे. इंग्रजी वाचता आलं नाही तरी अडत नाही. पाच-सहा फोटो निवडून ठेवा, पण देशाचं नाव झाकून. ‘हे घर कुठलं असेल?’ असं विचारलं की आपल्याही डोक्यात काय काय भरलेलं आहे ते लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र यादीतून मी ठरवून वगळतो: झेंडे, वेशभूषा आणि ‘नमस्कार बारा भाषांत’. गॅदरिंगला ते छान दिसतं, फोटोही चांगले येतात. पण किमोनो घातलेल्या मुलीला जपानबद्दल त्या दिवशी नवं काय कळलं, हे विचारून बघा. तिकडचं सगळं भारी आणि आपलं मागास, किंवा आपणच विश्वगुरू आणि बाकीचे बिचारे, ही दोन्ही टोकंही तयारीतच गाळून टाका. बीड-पाथर्डीकडच्या शाळेत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं बसलेली असतात. जगातल्या स्थलांतराचा धडा तिथे सीरियापासून सुरू करायची गरज नाही, आणि त्या मुलांना वर्गासमोर उभं करून बोलायला लावायचीही नाही. त्यांच्याशी आधी वेगळं बोलून घ्या.

आता वेळेचं. आयोजक परदेशी असतील तर घड्याळाचा घोळ हमखास होतो. लंडनचे दुपारचे चार म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेआठ. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. प्रशिक्षण त्या आठवड्यांत असेल तर वेळ पुन्हा तपासा. तांत्रिक बाजू थोडक्यात: ॲप आधीच घेऊन एकदा उघडून बघा, इअरफोन तारेचा ठेवा, व्हिडिओ चालू ठेवून दोन तास बसलात तर रोजचा दीड जीबीचा पॅक संपू शकतो. कॅप्शन कुठून चालू होतात तेवढं मात्र नक्की पाहून ठेवा. इंग्रजी उच्चार कळले नाहीत तरी वाचून कळतं.

बोलायचं इंग्रजीही लिहून ठेवा. एका मिनिटाची ओळख पुरते: शाळा कुठे, किती वर्ग, किती शिक्षक, मुलं घरी कोणती भाषा बोलतात. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा काय असते, हे केनियातल्या किंवा पोलंडमधल्या शिक्षकाला दोन वाक्यांत सांगता आलं तर पुढची चर्चा आपसूक होते. अडलं की मराठी शब्द वापरा आणि पुढे जा. लाजायचं कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी वेगवेगळ्या देशांतली मुलं ऑनलाइन एकत्र आणली आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली.

इंग्रजीचं फारच दडपण असेल तर आपल्या वर्गाशी ऑनलाइन जोडायची जोडशाळा मॉरिशसमध्ये शोधा. तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. १९ व्या शतकात कोकणातून आणि आसपासच्या भागातून मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत. वेळेचं अंतरही फक्त दीड तासाचं, आपल्याकडे अकरा वाजले की तिथे साडेनऊ. दोन्ही वर्ग भर शाळेच्या वेळेत एकमेकांना भेटू शकतात.

असा व्हिडिओ कॉल करायचा तर पालकांची लेखी संमती आधी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. एका पानाचा मराठी नमुना करून पालकसभेत वाचून दाखवा आणि सही घ्या. परदेशी फॉर्मवर मुलांची पूर्ण नावं भरू नका.

मुख्याध्यापकांना आधीच सांगून तासिकेची तारीख वेळापत्रकात लिहून घ्या. परीक्षा, क्रीडास्पर्धा आणि बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम कधी आहे तेही बघा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. या प्रशिक्षणाचे तास त्यात धरले जातील का, हे केंद्रप्रमुखांना नोंदणीआधीच विचारा. आणि नोंदणी करताना नाव शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत आहे तसंच भरा, प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग नंतर कुणी बदलून देत नाही.