बार्ट्रम बापलेकांचं झाड आपल्या अंगणात कसं वाढवावं

फिलाडेल्फियाच्या आसपास मराठी मंडळींची घरं बघत फिरलं, तर दारापुढे ठरलेली झाडं दिसतात. जपानी मेपल, क्रेप मर्टल, आणि बिल्डरने जाताजाता खुपसून ठेवलेलं ब्रॅडफर्ड पेअर. या शेवटच्याची विक्री पेनसिल्व्हेनियात आता बंद झाली आहे. रानात घुसून ते बाकीच्यांची जागा खातं. वाऱ्याने तुमचं मोडलं असेल आणि जागा रिकामी झाली असेल, तर फ्रँकलिनिया लावा, असं मी भेटेल त्याला सांगत असते. या राज्याच्या मातीशी इतका जुना संबंध असलेलं आणि तरी इतकं कमी दिसणारं दुसरं झाड मला माहीत नाही. आधीच सांगते, झाड नखरेल आहे. पण त्याच्या बहुतेक नखऱ्यांचा उलगडा ज्यांनी ते वाचवलं त्यांच्या गोष्टीत होतो. म्हणून गोष्ट आणि कृती दोन्ही एकत्रच सांगते.

जॉन बार्ट्रम १६९९ साली फिलाडेल्फियालगतच्या डार्बीजवळ जन्मला. क्वेकर या ख्रिस्ती पंथातला शेतकरी, शिक्षण बेताचंच. १७२८ साली त्याने स्कूलकिल नदीच्या पश्चिम काठावर, किंगसेसिंगला, १०२ एकर जमीन घेतली आणि दगडी घर स्वतःच्या हाताने वाढवत नेलं. नांगर धरलेला असताना डेझीचं एक फूल दिसलं आणि त्याला वनस्पतिशास्त्राचं वेड लागलं, अशी एक कथा सांगतात. छान आहे, पण मला ती रचलेली वाटते. त्याला खरं घडवलं ते लंडनच्या पीटर कॉलिन्सन या कापड व्यापाऱ्याने. तोही क्वेकर आणि बागवेडा. दोघांची उभ्या आयुष्यात एकदाही भेट झाली नाही. तीसेक वर्षं पत्रं मात्र चालू होती, आणि पत्रांबरोबर बियांच्या पेट्याही. एका पेटीत शंभराच्या आसपास जातींच्या बिया, किंमत पाच गिनी (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं). इंग्लंडमधल्या उमरावांच्या बागांमध्ये अमेरिकन झाडंझुडपं उभी राहिली त्यात या पेट्यांचा वाटा मोठा. जहाजावर उंदीर, खारं पाणी, थंडी, वाटेत लुटारू, सगळ्यांतून माल जिवंत पोचवायचा असे. मुळं ओली राहावीत म्हणून रोप बैलाच्या मूत्राशयाच्या पिशवीत मातीसकट बांधायचं, असल्या युक्त्या कॉलिन्सन पत्रातून कळवायचा. एकदा बार्ट्रमने कासवाची अंडी पाठवली. लंडनला पेटी उघडली तेव्हा नेमकं एक पिल्लू कवचातून डोकं बाहेर काढत होतं.

१७६५ साली तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला वर्षाला ५० पौंड देऊन राजाचा वनस्पतितज्ज्ञ नेमलं. सहासष्टाव्या वर्षी हा माणूस कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडाकडे निघाला. बरोबर मुलगा विल्यम. १ ऑक्टोबरला जॉर्जियात अल्टामाहा नदीजवळ ते वाट चुकले आणि फोर्ट बॅरिंग्टनच्या चार मैल खाली मुक्काम पडला. त्या दिवसाच्या रोजनिशीत जॉनने काही फार विलक्षण झुडपं दिसल्याची नोंद केली. त्यांतलंच एक आपलं झाड.

जागा निवडण्यापूर्वी ही नदीकाठची जमीन डोळ्यांपुढे आणा. वाळू मिसळलेली, आम्लधर्मी, ओल धरणारी पण पाणी साचू न देणारी. आपल्याकडे नव्या वसाहतींत नेमकं उलटं असतं. वरची सुपीक माती बांधकामात उचलून नेलेली आणि खाली यंत्रांनी दाबलेली चिकणमाती. अशा जागी फ्रँकलिनियाला मूळकूज होते आणि झाड एकाच उन्हाळ्यात जातं. म्हणून पहिलं काम निचरा तपासण्याचं. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासाला दोनेक इंच उतरलं तर जागा चांगली. बारा तासांनी अजून डबकं दिसत असेल तर तिथे खड्ड्यात लावूच नका. जमिनीवर फूट-दीड फूट उंचीचा, चार-पाच फूट रुंद उंचवटा करा, माती, जाडसर वाळू आणि पाइनच्या सालीचं खत मिसळून, आणि झाड त्यावर लावा. मला तर चांगल्या जागीही उंचवटाच बरा वाटतो.

दुसरं, सामू, म्हणजे मातीचा pH. पाच ते सहाच्या दरम्यान हवा. राज्याच्या कृषी विस्तार सेवेकडून माती तपासणीचा संच मिळतो. तो मागवा, अंदाजाने गंधक टाकत बसू नका. अंगणात अझेलिया किंवा रोडोडेंड्रॉन मजेत असतील तर बहुधा काळजीचं कारण नाही. पण घराच्या पायाला लागून लावू नका, सिमेंटमधला चुना मातीत उतरतो. आणि जिथे आधीचा रोडोडेंड्रॉन मूळकुजीने गेला असेल ती जागा तर अजिबात नको, बुरशी मातीत टिकून असते.

जॉर्जिया-कॅरोलायनातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. तुमची वसाहत जुन्या कापसाच्या शेतावर उभी असेल तर कुंडीचा विचार करा. हे झाड रानातून नाहीसं का झालं याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही. मुळात ते दोन-तीन एकरांतच होतं, त्यामुळे एखादा पूर किंवा वणवाही पुरला असेल. पण कापसाच्या शेतीबरोबर आलेल्या मातीतल्या रोगाने ते मेलं, हा तर्क बरेच जाणकार मांडतात. १८०३ नंतर ते रानात कुणाला दिसल्याची खात्रीची नोंद नाही. आज जगात जिथे जिथे फ्रँकलिनिया उभं आहे ते सगळं बार्ट्रमांनी वाढवलेल्या झाडांची संतती.

हे वाढवण्याचं श्रेय विल्यमचं. बापाच्या दृष्टीने मुलगा वाया गेलेला होता. व्यापारात बुडाला. मग फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीवर मळा काढून दिला, गुलाम माणसं विकत घेऊन दिली, तोही वर्षभरात फसला. बापलेकांच्या आयुष्यातलं ते पान झाकून त्यांचं कौतुक करू नये असं मला वाटतं. १७७३ साली लंडनच्या डॉ. फॉदरगिल यांनी पैसे दिले आणि विल्यम पुन्हा दक्षिणेत गेला, तो चार वर्षं फिरत राहिला. फ्लोरिडातल्या सेमिनोल या मूळ अमेरिकन लोकांच्या काउकीपर नावाच्या प्रमुखाने त्याला ‘पुक पुगी’, म्हणजे फुलं शोधत फिरणारा, असं नाव दिलं. याच फेरीत अल्टामाहाकाठी ते झुडूप त्याने फुललेलं पाहिलं आणि त्याच्या बिया आणल्या. १७७७च्या जानेवारीत तो घरी पोचला, सप्टेंबरमध्ये जॉन वारला. बागेतलं पहिलं फूल बापाने पाहिलं नाही. ते १७८१ साली आलं. १७८५ साली जॉनचा नातेवाईक हम्फ्री मार्शल याने बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावरून झाडाचं नाव छापलं. फ्रँकलिन जॉनचा जुना स्नेही होता. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी या विद्वानांच्या संस्थेच्या मुळाशी हे दोघे होते.

आता रोप विकत घेण्याबद्दल. मोठं झाड आणण्याचा मोह टाळा. याची मुळं विरळ असतात, जमिनीतून उपटून गोणपाटात बांधलेलं झाड सहसा सावरत नाही. कुंडीत वाढलेलं, दोन-तीन फुटांचं रोप घ्या, आणि वसंतात लावा. एकदा लावलं की हलवायचं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल का, पुढे डेक वाढवणार का, हे घरातले वाद आधी मिटवून घ्या. आमच्याकडे ते मिटायला खड्डा खणण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

नर्सरीत पाटी नीट वाचा. जुन्या पाट्यांवर याला गॉर्डोनिया म्हटलेलं असतं. खरं गॉर्डोनिया, म्हणजे लॉब्लॉली बे, हे दक्षिणेतलं सदाहरित झाड आहे, आपल्या थंडीत टिकणार नाही. फूल असेल तर फरक लगेच कळतो. गॉर्डोनियाचं फूल लांब देठावर असतं, फ्रँकलिनियाचं जवळजवळ फांदीला चिकटून. दोन्ही चहाच्या कुळातली. फ्रँकलिनियाचं फूल तीन इंचांचं, पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. बघितल्यावर नागकेशर आठवल्याशिवाय राहत नाही. पाच पाकळ्यांतली एक इतरांपेक्षा वाटीसारखी खोलगट असते, कळी मिटलेली असताना बाकीच्यांना तीच झाकून असते.

लावताना मुळांचा गड्डा आजूबाजूच्या मातीपेक्षा इंचभर वर राहू द्या. मुळं कुंडीत गोल फिरलेली असतील तर बोटांनी हलकेच मोकळी करा. वर पाइनच्या सुया किंवा साल यांचं दोन-तीन इंचांचं आच्छादन, पण खोडाला टेकवू नका. खोडाभोवती ढीग रचायची इथल्या बागकाम कंपन्यांना हौस असते, तो ढीग दिसला की बाजूला करा. ऊन भरपूर लागतं, उन्हाशिवाय फुलं कमी येतात आणि पानं रंगत नाहीत. दुपारी उशिरा थोडी सावली आली तरी चालेल. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका. आठवड्यातून एकदा खोलवर द्या, रोजचं शिंपण नको. नळाचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवून वापरा. खत अगदी थोडं, वसंतात, अझेलियाला देतात तेच. छाटणी जवळजवळ नाही. बुंध्यातून दोन-तीन खोडं फुटतात, फुटू द्या.

ऐन जुलैत ओल असूनही एकाच फांदीची पानं माना टाकायला लागली तर ती तहान नव्हे. खोड जमिनीला मिळतं तिथली साल नखाने खरवडून बघा. आत हिरवट पांढरं असेल तर आशा आहे, तपकिरी असेल तर मूळकूज वर चढली. तेव्हा आणखी पाणी घालणं म्हणजे तिला मदतच.

बियांपासून वाढवणं जास्त मजेचं, आणि बार्ट्रमांचं काम खऱ्या अर्थाने इथे समजतं. फुलं जुलैअखेरपासून येतात, पण त्यांची बोंडं पिकायला वर्षभर लागतं. त्यामुळे सप्टेंबरअखेर एकाच फांदीवर यंदाची फुलं, गेल्या वर्षीची बोंडं आणि लाल व्हायला लागलेली पानं असं सगळं एकदम दिसतं. बोंड गोल, लाकडी, पाऊण इंचाचं. ते उकलतं ते विचित्रच. वरचा अर्धा भाग पाच रेषांवर चिरतो, खालचाही पाच रेषांवर, पण वरच्या चिरा आणि खालच्या चिरा एकासमोर एक येत नाहीत, त्यामुळे मध्यावर नागमोडी सांधा दिसतो. पहिली चीर दिसताच बोंड तोडून कागदी पिशवीत ठेवा, नाहीतर बिया गवतात जातात.

बिया चपट्या आणि कोनदार असतात. वाळवून बरणीत साठवू नका, ताज्या असतानाच कामाला घ्या. ओलसर पीट मॉसमध्ये, झिपवाल्या पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात महिनाभर ठेवा. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहा, घरातलं कुणीतरी कोथिंबिरीची समजून उघडतंच. मग पाव इंच खोल पेरा, माती नुसती ओलसर ठेवा. काही आठवड्यांत कोंब येतात. या अवस्थेत जास्त पाण्याने रोपं बुडाशी कुजून आडवी होतात, म्हणून पाणी वरून न घालता ट्रेच्या खालून द्या. पहिला हिवाळा थंड गॅरेजमध्ये, खिडकीपाशी. कुठल्याशा कार्यक्रमात कुणी सांगितलं की हे बियांपासून उगवतच नाही, तर विश्वास ठेवू नका. बी ताजं असेल तर उगवतं. जुन्या पाकिटातल्या बियांचं मात्र काही खरं नसतं.

घाई असेल तर जून-जुलैत कोवळ्या फांद्यांची छाट कलमंही सहज मुळं धरतात. पण कलम म्हणजे त्याच झाडाची प्रत. आधीच मूठभर बियांवर तगलेली ही जात, म्हणून शक्य तिथे बीच पेरावं असं माझं मत.

काही करण्यापूर्वी पूर्ण वाढलेलं झाड पाहायचं असेल तर दक्षिण-पश्चिम फिलाडेल्फियातल्या बार्ट्रम्स गार्डनला जा, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात. बागेत जायला पैसे पडत नाहीत. जॉनचं घर उभं आहे. येशूचं देवत्व मानत नाही म्हणून १७५८ साली डार्बीच्या क्वेकरांनी त्याला सभेतून काढलं, आणि १७७० साली त्याने देव एकच, अशा अर्थाच्या ओळी दगडात कोरून खिडकीवर बसवल्या. त्या जरूर वाचा. तिथला जुना गिंको वृक्षही चुकवू नका, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या गिंकोंपैकी तो एक.

तुमची रोपं जास्त झाली तर शेजाऱ्यांना वाटा, पण बियांचं पाकीट सुटकेसमध्ये टाकून भारतात नेऊ नका. आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसेल तर ते विमानतळावरच जप्त होईल. आणि झालं नाही तरी थंडीची झोप मिळाल्याशिवाय ते झाड तिथे धड जगणार नाही.