टॅबवर गिटार रेकॉर्ड करायची? अ‍ॅप असं निवडा

“सर, कोणतं अ‍ॅप टाकू?” यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्याकडे गिटार शिकायला येणारी पोरं तीन-चार महिन्यांत या प्रश्नावर येतातच. हातात टॅब असतो. कुणाला परीक्षेच्या तयारीसाठी महाज्योती या सरकारी संस्थेकडून मिळालेला, कुणाच्या घरी ऑनलाइन शाळेच्या काळात घेतलेला. तोवर त्यात सात-आठ अ‍ॅप टाकून झालेली असतात, जागा भरत आलेली असते, आणि एकही गाणं पुरं झालेलं नसतं. यात पोरांची चूक नाही. नुसती यादी बघून अ‍ॅप निवडलं की असंच होतं. तुमची गिटार, तुमचा टॅब आणि तुमच्या घरात येणारं नेट यांच्यावरून अ‍ॅप ठरवा. त्याच क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: आधी गिटार बघा

साधी लाकडी अकूस्टिक गिटार असेल तर तुमचं निम्मं काम झालं. तिचा आवाज थेट कानावर येतो, तो टॅबमधून फिरवून परत ऐकायची गरज नसते. बहुतेक रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये ‘मॉनिटरिंग’ किंवा ‘मॉनिटर’ नावाची कळ असते. ती बंद ठेवा, एका कानात हेडफोन लावून त्यात फक्त ठेका ऐका, दुसरा कान गिटारसाठी मोकळा सोडा. असं केलं की साधा टॅब आणि फुकटातलं अ‍ॅपही चांगलं काम देतं.

इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिचा कोरा आवाज बारीक, टणटणीत असतो. त्याला अ‍ॅम्पची भर लागते आणि इथे ती भर अ‍ॅप घालतं. म्हणजे वाजवता वाजवता तो बनलेला आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर हात चालत नाही. इलेक्ट्रिकवाल्यांनी तिसरी पायरी नीट वाचा, कारण त्यांची निवड तिथेच होते. पिकअप (तारांचा आवाज वायरीने बाहेर देणारा भाग) बसवलेली अकूस्टिक असेल तर सुरुवात टॅबच्या माइकनेच करा, वायर नंतर घ्या.

दुसरी पायरी: टॅब उलटसुलट करून बघा

हेडफोनचं गोल छिद्र आहे का? माइकचं बारीक छिद्र कुठल्या कडेला आहे? सेटिंगमध्ये अँड्रॉइडची कितवी आवृत्ती दिसते? अँड्रॉइड ८ मध्ये, म्हणजे २०१७ साली, आवाजाचा उशीर कमी करणारी नवी व्यवस्था आली. त्याआधीच्या टॅबवर इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरू नका. जुना आयपॅड घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: २०२१ च्या नवव्या पिढीच्या साध्या आयपॅडला हेडफोनचं छिद्र आहे, २०२२ च्या दहाव्या पिढीपासून ते गेलं आणि यूएसबी-सी आलं. नवव्या पिढीला यूएसबीची उपकरणं जोडायला लायटनिंगचा कॅमेरा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

जागेचा हिशेबही करून ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाचा एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका वाद्याचं किंवा गळ्याचं वेगळं रेकॉर्डिंग, मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. चार मिनिटांचं गाणं आणि सहा ट्रॅक म्हटले की २०० एमबीच्या वर गेलात, आणि फसलेले टेक, म्हणजे वाया गेलेले प्रयत्न, त्यात धरलेले नाहीत. चार-पाच जीबी मोकळे नसतील तर आधी व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ काढा.

तिसरी पायरी: उशीर मोजा

माझ्या भाच्याने पहिल्यांदा टॅबला गिटार जोडली तेव्हा त्याने दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवले. “मामा, तार आत्ता छेडली अन् आवाज मांगून काहून येते?” त्याला वाटलं गिटारच बिघडली. खरं तर आवाज टॅबमध्ये शिरतो, त्याचे आकडे होतात, अ‍ॅप ते आकडे घोळवतं, मग ते परत आवाज होऊन हेडफोनमध्ये येतात. या फेरीला जो वेळ लागतो त्याला लेटन्सी म्हणतात, आपण उशीर म्हणू.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा तुमच्यापासून साडेतीन मीटरवर, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या अ‍ॅम्पसारखा. तेवढा चालतो, हाताला कळतही नाही. ३० मिलिसेकंद झाले की अ‍ॅम्प १० मीटर लांब गेला. तिथे जलद वाजवताना बोटं अडखळतात. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर तर बहुतेक वेळा १०० मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. रेकॉर्डिंगला वायरचाच हेडफोन हवा, यात तडजोड नको.

आता परीक्षा. कुठलंही अ‍ॅप पैसे देऊन घेण्याआधी ही करा. अ‍ॅपमधला मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक टिक. हेडफोनची एक बाजू टॅबच्या माइकच्या छिद्राला टेकवून धरा आणि १० सेकंद रेकॉर्ड करा. मग दोन बोटांनी पडदा ताणून लाटेचं चित्र मोठं करा. वरच्या पट्टीवर सेकंदांच्या रेघा दिसतील, खाली टिकटिकीचे टोकदार डोंगर. डोंगर रेघेवरच उभे असतील तर अ‍ॅपने उशीर स्वतःच वजा केला आहे. रेघेच्या उजवीकडे सरकलेले असतील तर तेवढा उशीर शिल्लक आहे. तो सेटिंगमधल्या ‘लेटन्सी’च्या खाली भरता येतो का ते बघा. नसेल येत, तर प्रत्येक ट्रॅक रेकॉर्ड झाल्यावर बोटाने तेवढा डावीकडे ओढायचा. अकूस्टिकला एवढ्याने भागतं.

इलेक्ट्रिकला भागत नाही, तिथे वायर लागते. हेडफोनच्या छिद्रात बसणारी आयरिगसारखी छोटी डबी स्वस्त पडते, पण तिच्यात एका वायरचा आवाज दुसरीत झिरपतो आणि अ‍ॅम्प चढवला की शिट्टी येते. जमत असेल तर यूएसबी इंटरफेस घ्या, म्हणजे गिटारचा आवाज यूएसबीच्या वाटेने टॅबमध्ये नेणारी पेटी. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: ‘क्लास कंप्लायंट’ आहे का, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतो का, आणि गिटारसाठी ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेली कळ आहे का. अँड्रॉइडला तो ओटीजी वायरने जोडतात. आपला टॅब आणि वायर सोबत न्या, दुकानातच जोडून दाखवायला सांगा. काही इंटरफेसना टॅबची वीज पुरत नाही, ते घरी आल्यावर कळलं तर नागपूरची चक्कर वाया जाते.

चौथी पायरी: आता अ‍ॅप

आयपॅड असेल तर फार शोधू नका. गॅरेजबँड फुकट आहे, आयपॅडवर २०११ पासून आहे, गिटारचे अ‍ॅम्प आणि पेडल त्यातच आहेत, आणि ते नेटविना चालतं. नव्या माणसाला त्यात एकच खड्डा लागतो: गाण्याचा भाग सुरुवातीला आठ मात्रागटांपुरताच असतो, तो संपला की रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यावर येतं. उजवीकडे वरचं अधिकचं चिन्ह दाबा, ‘सेक्शन ए’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिक’ सुरू करा. मग हवं तितकं लांब वाजवा. त्यातले अ‍ॅम्प अपुरे वाटायला लागले तर अ‍ॅम्प्लिट्यूब बघा, पण ती सहा महिन्यांनंतरची गोष्ट.

अँड्रॉइडवर अकूस्टिकवाल्यांना माझा सल्ला बँडलॅबने सुरुवात करण्याचा. फुकट आहे, ट्यूनर आणि मेट्रोनोम आत आहेत, गिटारचे इफेक्ट तयार मिळतात. त्याला खातं उघडावं लागतं आणि तुमचं काम त्यांच्या सर्व्हरवर चढतं, म्हणून नेटचा विचार करा. अँड्रॉइडवर इलेक्ट्रिक आणि यूएसबी इंटरफेस असा जोड असेल तर ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइल वापरून बघा. त्यांनी यूएसबीसाठी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला आहे, तो अँड्रॉइडच्या वाटेने न जाता थेट इंटरफेसशी बोलतो, आणि उशीर कमी होण्याचं कारण तेच. ड्रायव्हरचे पैसे वेगळे पडतात. आधी त्यांची चाचणी आवृत्ती आपल्या टॅबवर चालवा.

एफएल स्टुडिओ मोबाइलचं नाव पोरं सगळ्यात जास्त घेतात. ठेके आणि की-बोर्ड रचायला ते चांगलंच आहे, पण गिटार हाती घेऊन बसलेल्याचं ते पहिलं अ‍ॅप नव्हे. क्युबेसिस आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्हीवर मिळतं, भरभक्कम आहे, गाणी पुरी व्हायला लागली की मगच त्याच्याकडे वळा.

पैशाबद्दल एक. एकदाच विकत घ्यायचं अ‍ॅप वेगळं आणि महिन्याची वर्गणी वेगळी. ‘सात दिवस मोफत’वर बोट ठेवलं की वर्गणी सुरू झाली असं समजा. अ‍ॅप टॅबमधून काढून टाकलं तरी ती थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून ‘सबस्क्रिप्शन’मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते. पोराने वडिलांच्या खात्यावरून चालू केलेली वर्गणी तीन महिने कापली गेल्याचं मी आमच्याच आळीत पाहिलं आहे, आणि ते पैसे फवारणीसाठी ठेवलेले होते.

पाचवी पायरी: ताल बसतो का?

ही पायरी कुठेच लिहिलेली सापडत नाही, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात आधी अडते. अ‍ॅप उघडलं की ते ४/४ मध्ये असतं. केरवा आठ मात्रांचा, तो त्यात सहज बसतो. दादरा सहा मात्रांचा, त्यासाठी ६/८ किंवा ३/४ निवडता आलं पाहिजे. गॅरेजबँडमध्ये ३/४, ४/४ आणि ६/८ हे तीनच पर्याय आहेत, सात मात्रांचा रूपक तिथे बसत नाही. अशा वेळी मेट्रोनोम बंद करा, आयतबलाप्रोसारख्या अ‍ॅपमधून तबल्याचा ठेका दुसऱ्या मोबाइलवर वाजवून आधी तोच एका ट्रॅकवर घ्या आणि त्याच्यावर गिटार चढवा.

आमच्याकडे तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर होतात. खंजिरीवाल्याची लय भरात आली की सरकत जाते, आणि ती सरकली पाहिजे. तिला मेट्रोनोमला बांधलं तर भजन मरतं. तिथे ठेक्याची रेघ विसरा, पहिल्या ट्रॅकवर खंजिरी आणि गळा एकत्र घ्या, गिटार त्यांच्यामागून जाऊ द्या.

सहावी पायरी: खोली, वीज आणि ऊन

टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो आणि पावसात काहीच ऐकू येत नाही. घरातली सगळ्यात चांगली खोली कोणती, हे मला दिवाळीनंतर कळलं. वेचलेला कापूस भाव चढेपर्यंत आमच्या मागच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला असतो. त्या दारात पाटावर बसून कापसाकडे तोंड करून वाजवली, तर आवाज अगदी कोरडा येतो, घुमारा नावालाही नाही. एक एक तार सुटी ऐकू येते. फक्त तिथे चार्जर, तुटकी वायर किंवा अगरबत्ती नेऊ नका, आणि अंगाला खाज सुटते म्हणून लांब बाह्यांचा सदरा घाला. कापूस विकला गेला की भिंतीवर दोन वाकळी टांगा आणि खाली एक अंथरा.

टॅब हातात किंवा मांडीवर नको, वाकळीवर टेकवून ठेवा. माइक गिटारच्या दांड्यावरच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) समोर, एका वितीपेक्षा थोडा लांब, ३० सेंटिमीटरवर. मधल्या गोल छिद्रासमोर धरला तर आवाज घुम्म होतो. आवाजाची पट्टी सगळ्यात जोरात वाजवतानाही उणे ६ डेसिबलच्या खाली राहू द्या. लाल झालेला टेक नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. एअरप्लेन मोड लावा.

चार्जर काढूनच रेकॉर्ड करा. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण इलेक्ट्रिक गिटारमध्ये लगेच शिरते. रात्री थ्री फेज आली की विहिरीवरच्या मोटारी सुरू होतात, तोही आवाज माइक पकडतो. फीडरचं वेळापत्रक बघून बसा. उन्हाळ्यात दुपारी नकोच. अ‍ॅपल आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतच्या हवेची मर्यादा सांगतं आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. तापलेला टॅब मंदावतो, आवाज तुटायला लागतो. वर कूलरचा घरघराट असतोच. पहाटे साडेचारला बसा.

सातवी पायरी: गाणं अ‍ॅपच्या बाहेर काढा

आमच्या भजनी मंडळातल्या एका आजोबांची चार भजनं मी टॅबवर घेतली होती. दोन संध्याकाळी लागल्या होत्या. टॅब दुरुस्तीला दिला, तिथे तो पुसून नव्यासारखा करून परत आला, आणि भजनं अ‍ॅपच्या पोटातच होती. आजोबांचा आवाज आता बसला आहे. ती भजनं पुन्हा घेता येणार नाहीत.

म्हणून अ‍ॅप ठरवण्याआधीच दहा सेकंदांचं काहीतरी रेकॉर्ड करून ते वेव्ह फाइल (आवाज न दाबता पूर्ण दर्जात ठेवणारी) म्हणून बाहेर काढून बघा. फुकट आवृत्तीत फक्त एमपी३ मिळत असेल, तर ते अ‍ॅप शिकण्यापुरतं ठेवा. प्रत्येक ट्रॅक वेगळा काढता येत असेल तर फार उत्तम, उद्या यवतमाळच्या स्टुडिओत कुणाला मिक्स करायला देता येईल. गाणं पुरं झालं त्याच रात्री फाइल मेमरी कार्डवर आणि पेनड्राइव्हवर टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवायची असेल तर ऑडिओ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते आणि एक प्रत त्याच्याकडेही राहते.